तक्त्यात नसलेला लकवा

लकवा ओळखण्यात शाळेत मी एक नंबर! विज्ञान प्रदर्शनात माझाच तक्ता पहिला आला होता: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड. म्हणून सकाळी नऊला हळद वाळत घालताना आई भिंत धरून बसली आणि ओकली, तेव्हा मीच पुढं झाले.

"आई, हस." सरळ हसली.

"हात वर." दोन्ही गेले.

"नाव सांग."

"चांगुणा. मलाच नाव इचारती व्हय गं भवाने?"

शेजारच्या सुमनकाकूंना मी थाटात सांगितलं, "लकवा न्हाई. ऊन लागलंय."

देगलूरच्या एप्रिलात हे सगळ्यांना पटतं. काकूंनी तळपायाला कांदा चोळला. आई म्हणत होती, "घर फिरून राहिलंय." मी म्हणाले, "गप पड."

साडेदहाला काकूंनी पन्हं पाजलं. एकच घोट, आणि असा ठसका लागला की पन्हं नाकातून आलं.

"तनुजा," आई पुटपुटली, "तू दोन दिसायलीस."

हे तक्त्यात नव्हतंच!

बाबांनी जीप आणली. नांदेडपर्यंत आईचं डोकं माझ्या मांडीवर. मी सारखी म्हणायचे, "आई, हस." ती दरवेळी सरळ हसायची. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढून डॉक्टर बाई आल्या. "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. मेंदूच्या पुढच्या भागाचं रक्त अडलं की तोंड, हात, बोलणं जातं. यांचं मागचं अडलंय. त्यात चक्कर, उलटी, दोन-दोन दिसणं, गिळता न येणं. लकवाच हा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतो, उशिरा दिलं तर मेंदूत रक्त सांडू शकतं. कधी सुरू झालं?"

"साडेदहाला," बाबा म्हणाले. "त्याच्या आधी नुसतं ऊन लागलं होतं. पोरीनं तपासलं ना."

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"नऊ," मी म्हणाले. "नऊ वाजता, मॅडम. ऊन नव्हतं. मी चुकले."

बाबांनी वळून पाहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता.

"पाऊण तास आहे. सही करा."

बाबांनी संमतीचा कागद उलटसुलट करून पाहिला. तो त्यांनी माझ्यापुढं धरला. "वाच. समदं वाच."

मी मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'रुग्ण दगावू शकतो.' तेही वाचलं.