झेंडूखालची कात्री

मी एक जुनी कात्री आहे. कापड कापायची नव्हे हं, मित्रांनो! माझं तोंड आखूड, मान वाकडी आणि काम एकच, तार कापायची. आज मी शिवाजी पेठेतल्या एका घरात खुंटीवर लटकते आहे. पण माझी उमेदीची वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे गेली.

एकोणीसशे शहाण्णव साली विजयसिंह नावाचा तरणा पैलवान तिथं आला. तालमीत जोडीदाराचं डोकं त्याच्या हनुवटीवर आदळलं होतं. वस्ताद गणपतरावांना वाटलं, जबडा नुसता सरकलाय. त्यांनी दोन दिवस तेल लावून तो चांगला चोळला! सूज वाढली, दातावर दात बसेना.

एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "मार हनुवटीला लागलाय, पण हाड दोन जागी मोडलंय. एक इथं, दुसरं पलीकडं कानापाशी. जबडा बऱ्याचदा असाच मोडतो." त्यांनी वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधले. सहा आठवडे तोंड बंद, खाणं फक्त पातळ. मग मला काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातलं.

"उलटी आली तर जीव गुदमरेल. लगेच समोरच्या तारा कापायच्या."

"आंगुळीला तरी काढू न्हवं?" त्याच्या आई शालूबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही."

तीन आठवडे पेज आणि दुधावर गेले. मग खंडेनवमी आली. शालूबाईंनी विळी, कोयता, पाना सगळं पूजेला मांडलं. "ही माझ्या लेकराला राखती, हिचा मान पयला," म्हणत त्यांनी मलाही गळ्यातून काढून पाटावर ठेवलं. हळद, कुंकू, वर झेंडूची फुलं! आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी पूजा केली. मी अगदी हुरळून गेले.

तिकडे विजयसिंह गाळलेला पांढरा रस्सा नळीनं अधाशासारखा ओढत होता. तिसऱ्या वाटीला त्याला उलटी आली. डोळे पांढरे झाले, हात छातीवर कुठं मी सापडते का ते चाचपू लागला. मी पाटावर! शालूबाई धावल्या, तर जेवायला आलेले वस्ताद ओरडले, "उत्तरपूजा झाल्याबिगर हत्यार उचलायचं न्हाय ओ!"

"सरका बाजूला! तुमचं एकदा ऐकलं ते बास झालं. अंबाबाईला काय सांगायचं ते मी सांगते!"

फुलं उधळली. त्यांनी पोराची मान खाली वाकवली. मला तारांत घातलं, मी घसरले नाही. एक, दोन, तीन, चार तारा तोडल्या. तोंड उघडलं, श्वास आला, आणि शालूबाई ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तारा पुन्हा बांधल्या. जबडा नीट जुळला. मला मात्र त्यांनी परत घेतलं नाही. "राहू दे तुमच्याकडंच," म्हणाले.

मित्रांनो, आता हाडाला पट्टी आणि स्क्रू बसवतात. तोंड बांधायची वेळ फारशी येत नाही, मलाही कुणी विचारत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू! तुमच्या घरातल्या कामाच्या वस्तू जपा, पुजा. पण हाताशी असू द्या.

शालूबाई आता नाहीत. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर बसतात, मी खुंटीवरच असते. विजयसिंह तिथंच येऊन मला कुंकवाचं बोट लावतो आणि आईसारखंच म्हणतो, "तू हितंच ऱ्हा बाई. तुझी पूजा त्याच दिवशी झालीया."