फक्कीवरची पंगत

ते साल दोन हजार एकोणीस. शहराच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबादच होतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात लग्नकार्यासाठी सभागृह बांधायचं ठरलं आणि ते काम दीपमालाकडं आलं. इंजिनिअर म्हणून स्वतंत्र असं तिचं पहिलंच.

जागा नानासाहेबांनी दिलेली, म्हणून त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पण शब्द एक असेल तर ना! आधी कमान वाढली, मग मंच रुंदावला. शेवटी तिच्या ऑफिसातले वरिष्ठ हिमांशूसर तिला म्हणाले, "आता आणखी एक बदल झाला, तर हे काम मी दुसऱ्याला देतो."

भूमिपूजनाच्या दिवशी नानासाहेब म्हणाले, "म्याडम, मंच अजून धा फूट पुढं घ्या. पाहुणे लई मोठे येतात आपल्याकडं."

दीपमालानं हातातली गुंडाळी उघडलीच नाही. नकाशा दाखवून उपयोग नव्हता. कागदावर त्यांना सगळंच मावायचं.

"घेऊ की, नानासाहेब," ती म्हणाली. "फक्त आजची पंगत त्यात बसवून बघू."

गवंड्यांनी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून भिंती आखल्या, नानांना हवा तेवढा मंचही. मंच मोकळा ठेवून माणसं उरलेल्या जागेत बसली, गुडघ्याला गुडघा लावून. नाना जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला निघाले आणि दुसऱ्याच रांगेत अडकले. वैजापूरचे व्याही अप्पाराव पार कोपऱ्यात. नाना बाहेरून वळसा घालायला निघाले, तशी त्यांची थोरली बहीण आवडाबाई ओरडली, "आरं नान्या, तिथं भिंत हाय! भिंतीतून जायला भूत झालास व्हय?"

पंगत हसली. अप्पाराव लांबून म्हणाले, "असू द्या, व्याही. आम्ही बिनआग्रहाचं जेवतो."

हे मात्र नानांना लागलं. ताट तसंच हातात धरून ते दीपमालाकडं वळले. "म्याडम, तुमचा पहिला नकाशा हाय ना? तोच धरा. मंच नको न् काय नको."

तिनं सोडलेला श्वास शेजारच्या गवंड्यालाही ऐकू गेला. त्या दिवशी ती दोनदा जिलबी मागून जेवली.

सभागृह पहिल्या नकाशाप्रमाणंच उभं राहिलं. हिमांशूसर पुढं पुण्याला गेले. दीपमालाचं आता शहरात स्वतःचं ऑफिस आहे; कुणी बदल सांगितला, की ती आधी फक्की मागवते. आवडाबाई नातवाचं लग्न त्याच सभागृहात बघून समाधानानं गेल्या. नानासाहेबांचे गुडघे गेले, पण चाकाची खुर्ची दोन रांगांमधून सहज जाते. मांडीवर ताट घेऊन ते अजून अप्पारावांपर्यंत पोचतात.