फुटली म्हणून सांगायचं

त्या काचेच्या कारखान्यात नियम एकच होता, आणि तोही सोपा. काच फुटली की फोडणाऱ्याने "फुटली!" म्हणून ओरडायचं. मग तुकडे झाडून होईपर्यंत ज्याने त्याने आहे तिथेच उभं राहायचं. ओरडणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. काचच ती, फुटणारच.

हा नियम सगळ्यांना जमायचा, फक्त सॉरीबाईला जमत नव्हता. हिऱ्याच्या कणीने काच कापण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं, पण टेबलाला धक्का लागला तरी ती टेबलाची माफी मागायची, म्हणून हे नाव. कुणी विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" तर ही आधी विचारणाऱ्याचं तोंड बघायची, त्याला काय ऐकायचंय ते ओळखायला. जिन्यावरच्या पावलांवरून मालकीणबाईंचा मूड सांगायची. माणसं एवढी कळूनही मैत्रीण म्हणावी अशी एक नाही. जिच्याशी कधी भांडताच येत नाही, तिच्याशी मैत्री तरी कशी करायची?

आणि काच फुटली की ती तुकडे लपवायची. गेल्या आठवड्यात एक तुकडा चिंध्यांच्या पोत्यात गेला. कडा घासणाऱ्या काकांनी फडकं घ्यायला पोत्यात हात घातला आणि तळव्याला टाके पडले. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

"काच फुटल्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा लपवलीस, तर मी तुला ठेवू शकणार नाही. काकांचा हात बघ जरा."

तिला स्वतःचाच संताप येत होता. कारण ठाऊक नव्हतं असंही नाही. लहानपणी घरात पेला फुटला की वडील पट्टा काढायचे, आणि मग कित्येक दिवस तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आईसुद्धा नाही, तीही घाबरायची. तेव्हा फ्रॉकच्या खिशात तुकडे घालून साळसूद चेहऱ्याने जेवायला बसायला ती शिकली. वडील जाऊनही आता वर्षं लोटली होती. हे सगळं तिला समजत होतं, आणि समजून काडीचाही उपयोग नव्हता. घरी न्हाणीघराचं दार लावून तिने "फुटली" म्हणायचा सराव केला. "फु"वरच घोडं अडायचं. चाळिशीची बाई, आणि एक शब्द तोंडातून निघू नये!

त्या दिवशी ती मोठा आरसा कापत होती. रेघ मारली, खाली टेकू दिला, हळूच दाबलं, आणि चीर रेघ सोडून भलतीकडेच पळाली. कोपरा तुटला. चुरा खाली सांडला. तिने मान वर केली, तर काका तिच्याच दिशेने येत होते, हाताला पट्टी आणि पायात साध्या चपला.

"फुटली!"

आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. दुसऱ्या क्षणी ती खाली बसली होती, दोन्ही हात डोक्यावर धरून.

सगळे जागच्या जागी थांबले. मालकीणबाई झाडू घेऊन आल्या आणि तिच्यासमोर धरला.

"ऊठ. आधी उजवीकडचं झाड." मग आरशाकडे पाहून म्हणाल्या, "कोपरा कुठाय?"

कोपरा जमिनीवर नव्हता, टेबलावरही नव्हता. तो ॲप्रनच्या खिशात होता. तोंड उघडायच्या आधीच हाताने आपलं काम उरकलं होतं. तिने तो काढून पुढे केला.

"टाक तुकड्यांच्या पेटीत," म्हणून मालकीणबाई वळल्या.

"बस्स?" ती म्हणाली.

"बस्स म्हणजे? आणखी काय हवं होतं तुला?"

आता रडू येणार असं तिला वाटलं होतं. आला तो राग. एवढंच? फुटली, सांगितलं, झाडलं, संपलं. एवढ्याशासाठी त्या माणसाने लहान पोरीच्या अंगावर पट्टा उचलला! आणि एवढ्याशासाठी ती जन्मभर खिसे सांभाळत राहिली! ती झाडू आपटत चुरा गोळा करू लागली.

"अगं, हळू," काका उभ्या जागेवरून म्हणाले. "फरशी फोडशील."

सॉरी अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"फुटली तर ओरडेन," ती म्हणाली. "तुम्ही जागचे हलू नका."