बारा फण्यांचा वाटा

पहूरच्या त्या शाळेत सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीच्या गजांतून आत येई. आधी फरशीवर त्याच्या पट्ट्या पडत. मग ते बाकांच्या कडा चढे, कर्कटकाने कोरलेली नावे उजळवी, खडूच्या धुळीत क्षणभर रेंगाळे आणि सर्वांत शेवटी फळ्याशी पोचे. आज गणित शिकवणारा हितेंद्र त्याच्याआधी पोचणार होता. मुले येण्यापूर्वी फळा पुसायचा आणि आजच्या चाचणीत कालच्यासारखे गणितच घालायचे नाही, असे त्याने ठरवले होते. पण ऊन आधीच आले होते, आणि झाडलोट करणाऱ्या सुनंदाबाईही.

फळ्यावर कालचे गणित तसेच होते : 'केळीचे ६x घड आणि १२ सुट्या फण्या सहा जणांत वाटा.' खाली (६x + १२) ÷ ६, आणि त्याच्याच वळणदार अक्षरात उत्तर : x + १२.

काल संघमित्राने हात वर केला होता. "सर, बारालाही भागायचं ना?"

"बस खाली," तो म्हणाला होता. आठवीच्या चाळीस मुलांनी ते उत्तर निमूट उतरवून घेतले होते.

सुनंदाबाई झाडू टेकवून वाचत होत्या. "सर, सुट्या फण्या बठ्ठ्या मिळून बाराच ना?"

"हो."

"मंग सहा जनांले बारा-बारा कशा? वरच्या साठ फण्या काय तुमच्या मळ्यातून आनल्या?"

हितेंद्रला हसू फुटले. कालपासून छातीवर बसलेले काहीतरी त्या हसण्यासरशी उठून गेले. हातातले डस्टर त्याने खाली ठेवले.

घंटा झाली. वर्ग भरला.

"संघमित्रा, पुढे ये. कालचं उत्तर नीट कर."

तिने १२ खोडून २ लिहिला. "दोन्ही पदांना सहाने भागायचं," ती हळूच म्हणाली.

"म्हंजे सर चुकले?" मागच्या बाकावरून दीपक ओरडला आणि स्वतःच दचकला.

"चुकलो," हितेंद्र म्हणाला. "वह्या काढा, दुरुस्त करा. चाचणी उद्या."

वर्गात एकच कल्ला उसळला. 'चुकलो' हा शब्द तोंडातून गेला होता आणि छप्पर कोसळले नव्हते. फळ्यावरच्या उन्हात x + २ स्वच्छ दिसत होते.

चूक घरी गेल्यावर लक्षात आली, असे तो कालपासून स्वतःला सांगत होता. तसे नव्हते. संघमित्राने हात वर केला, तेव्हाच त्याला ती दिसली होती.