धानाच्या पोत्यांमागची कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. 'चुकलेला पाहुणा' हे माझं नाव. पानं दोनशे आठ, आणि रडवणारं एकही नाही. मोठमोठ्या ग्रंथांनी खुशाल कपाटात मान ताठ करून बसावं. सौंदडच्या एका घरात मी जे करून दाखवलं, ते त्यांना जमलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

जन्म नागपूरच्या छापखान्यातला. पुढं गोंदियाला बसस्टँडजवळच्या दुकानात दोन वर्षं स्पर्धा परीक्षांच्या गाईडांखाली दबून होते. कोणी मला उचलून 'टाइमपास है' म्हणत परत ठेवलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग एक दिवस नवं जोडपं आलं. हर्षानं उभ्याउभ्याच माझं पहिलं पान वाचलं आणि फिसकन हसली. तिच्या नवऱ्यानं, योगराजनं, लगेच मला विकत घेतलं. "आईले दाखवू नको मात्र," एवढंच म्हणाला.

आई म्हणजे धुरपताबाई. पाच एकर धान एकटीनं सांभाळणारी, बोलायला रोखठोक. तिच्या लेखी पुस्तक परीक्षेसाठी असतं. परीक्षा संपली, लग्न झालं, आता पुस्तक कशाला? म्हणून माझी रवानगी स्वयंपाकघरात धानाच्या पोत्यांमागे झाली. तिथं उंदरांशी चांगली ओळख झाली. पण दुपारी भाजी निवडायला बसली की हर्षा मला मांडीवर घ्यायची आणि ओढणी तोंडात कोंबून हसत सुटायची. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

त्या हसण्यानंच घात केला. धुरपताबाईनं दाराआडून ते दोनदा ऐकलं. पहिला संशय फोनचा. पण हर्षाचा फोन तर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता.

"फोन इथं हाय, मंग हे कोनासंगं हासून राहिली?" ती योगराजला म्हणाली. "इले बाहेरचं लागलं."

त्या दीडशहाण्याला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तर तिथंच मिटलं असतं. पण गडी मोबाइलमध्ये तोंड घालून बसला.

मग उंबऱ्यावर लिंबू आलं, हर्षाच्या मनगटाला काळा दोरा आला. चार दिवस तिनं मला हात लावला नाही. पाचव्या दिवशी राहवेना. वाचलं आणि हसली. त्याच संध्याकाळी धुरपताबाईनं दरेकशाला, हर्षाच्या माहेरी फोन लावला, "पोरगीले घेऊन जा. बरी झाली तं पाहू." बरी झाली नाही तर काय, ते कोणी बोललं नाही. हर्षाला मात्र कळलं. ती रडत रडत कपड्यांची पिशवी भरू लागली. माझ्या पायी एक संसार मोडायला निघाला होता आणि मी पोत्यांमागे गप्प पडून होते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील चैतराम गोंदियाला गाडी बदलून आले. खाटेच्या कडेवर मान खाली घालून बसले.

"इवाई, तुमची पोरगी एकटीच हासते," धुरपताबाई व्याह्यांना म्हणाली. "काऊन हासते वं? सांग बापाले."

हर्षा आत गेली. मला घेऊन आली, वरची धूळ पुसली आणि सासूसमोर ठेवलं. "याच्यानं हासू येते, आत्याबाई."

"पुस्तकानं कोनी हासते का? वाच."

आता सगळं माझ्यावर होतं. हर्षानं एक्केचाळिसावं पान उघडलं आणि वाचू लागली. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा दिवस. गावात घरोघरी पाहुणे, त्यामुळं कोण कोणाचा हे कोणी विचारत नाही. माझा नायक मुलगी पाहायला निघतो, भलत्याच घरात शिरतो आणि तिथं आग्रहानं पोटभर जेवतो. मग खऱ्या घरी पोचतो, तर तिथंही पान वाढलेलं. नाही म्हणायची सोय नाही. तो गुपचूप सात वडे खिशात घालतो. पांढऱ्या शर्टावर तेल पसरू लागतं. मुलगी ते बघते आणि पाणी वाढता वाढता त्याच्या हातात एक पिशवी सरकवते.

"थांब," धुरपताबाई म्हणाली. माझा जीव टांगणीला. "सात वडे खिशात मावत नाई. लिवनाऱ्यानं जिंदगीत वडे केले नाई."

"लहान असतीन, विहीनबाई," चैतराम हळूच म्हणाले.

"मंडईचे वडे लहान कोन करते?"

चैतरामांना हसू फुटलं. ते दाबायला गेले तर ठसकाच लागला. ते बघून धुरपताबाई हसली, आणि एकदा हसली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी, हात पोटावर. तेवढ्यात योगराज म्हणाला, "आई, ते मीच आनलं होतं."

"मंग इतके दिस तोंडात काय धरलं होतं?" ती म्हणाली. "इवाई, जेवून जा. पोरगी कोठी जात नाई."

तेव्हापासून मी घरात उघडपणे वावरू लागले. जेवणं झाली की हर्षा वाचायची आणि सासू लेखकाशी भांडत ऐकायची. कोपरे दुमडले, पाठीवर हळदीचा पंजा उमटला. हे डाग मी मिरवते.

मागच्या महिन्यात हर्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली. तिनं मला पिशवीत घातलं होतं. धुरपताबाईनं बाहेर काढलं. "हे इथंच राहू दे. नेलं तं तू तिकडंच हासत बसशीन. मंग इथं कोन वाचन?" हर्षा पाया पडायला वाकली आणि तशीच तिच्या गळ्यात पडली.

आता मी धुरपताबाईच्या उशीजवळ असते. तिला अक्षरओळख नाही. ती मला उलटं धरते, पानं चाळते आणि मनातल्या मनात हसते. परवा शेजारची टीना आली. कॉलेजात शिकते, चांगली पोर आहे. "आणा काकू, मी वाचून दाखवते," म्हणाली आणि हात पुढं केला. धुरपताबाईनं मला पटकन पदराखाली घेतलं.

"राहू दे. माही सून आल्यावर वाचन."

हर्षा, बाळाला घेऊन लवकर ये गं. आम्ही दोघी वाट बघतोय.