मागच्या माणसाची मोजणी

बर्फाच्या वळणदार मार्गावरून घसरत जाणाऱ्या दोघांच्या बॉबस्ले गाडीत मागे बसणाऱ्याला मार्ग दिसत नाही. गाडी ढकलत धावायचे, वेग आला की उडी घेऊन आत बसायचे आणि डोके गुडघ्यांत घालायचे. अंतिम रेषा ओलांडली की ब्रेकचा दांडा ओढायचा. रेषा आली हे त्याने वळणे मोजून ओळखावे. आल्टेनबर्गच्या बर्फावरची सतरा वळणे फाइट ह्यूनिग सोळा हिवाळे पाठीच्या कण्याने मोजत आला होता, आणि पुढे बसणाऱ्या सारथ्याची छायाचित्रे छापणाऱ्यांना ही विद्या कळत नाही, असे त्याचे ठाम मत होते.

गुरुवारच्या सरावात मात्र गाडी भिंतीला थडकली. तो धक्का त्याने वळण म्हणून मोजला आणि दांडा एक वळण आधीच ओढला. ब्रेकच्या दात्यांनी बर्फात लांबलचक चरे पाडले.

शनिवारी, शर्यतीपूर्वी, प्रशिक्षक ऑर्टविन त्याला म्हणाला, "आज पुन्हा नांगरलंस, तर जागतिक स्पर्धेला तुझ्या जागी दुसरा."

"आणि नाही नांगरलं तर?"

"तर तूच. तुझ्यासारखी धाव कुणाची नाही, ते मलाही कळतं."

तेवीस वर्षांचा सारथी माल्टे हसला. "आजोबा, वळणागणिक मी आकडा ओरडू का?"

"तू भिंती चुकव रे! आकड्यांचं मी बघतो."

सुरुवातीची धाव त्या दिवशीची सर्वांत वेगवान ठरली. पण बाराव्या वळणानंतर गाडी डावीकडे आपटली, लगेच उजवीकडे आपटली, आणि फाइटच्या डोक्यातला आकडा निसटला. तेरावे झाले की चौदावे? अंदाजाने पुढे मोजणे म्हणजे गुरुवारचीच चूक जाणूनबुजून करणे. त्याने मोजणे सोडून दिले. रेषेपलीकडे मार्ग चढाला लागतो. तिथे अंगाचा भार आपोआप पुढे सरकतो. हे शरीराला ठाऊक होते, आणि त्यासाठी आकडा लागत नव्हता. उशीर झाला तर गाडी मार्गाच्या टोकाला लावलेल्या गाद्यांवर जाऊन आदळेल, हेही त्याला ठाऊक होते. मूठ दांड्यावर घट्ट होती. त्याने ती हलू दिली नाही.

एक दाब आला, ओसरला. दुसरा आला, ओसरला. आणखीही आले, ओसरले. मग त्याचे शिरस्त्राण अलगद माल्टेच्या पाठीला टेकले.

त्याने दांडा ओढला.

गाडी गाद्यांच्या चार हात अलीकडे थांबली. माल्टे वेळेच्या फलकाकडे पाहत ओरडला, "दुसरे! आजोबा, आपण दुसरे!" ऑर्टविनने फलकाकडे पाहिलेच नाही. तो रेषेपासून मागे, शेवटच्या वळणापर्यंत, वाकून बर्फ न्याहाळत चालत गेला.

"काय दिसतंय?" फाइटने गाडीजवळून विचारले.

"काही नाही. ये, बघ तरी, कसा कोरा ठेवलायस!"

फाइट तिकडे गेला. ओरखडा नसलेल्या त्या बर्फाच्या कडेला, छाती काढून, तो एखाद्या विजेत्यासारखा उभा राहिला. आणि पुढच्या गाडीसाठी मार्ग मोकळा करा, अशी सूचना दोनदा झाली तरी हलला नाही.