आईचा स्वच्छ आवाज

आवाज साफ करणं हा माझा धंदा. ऑनलाइन बोलताना मागे चाललेला पंखा, जनरेटर, कुत्र्यांचं भुंकणं गाळून टाकणारं सॉफ्टवेअर आम्ही नोएडाच्या ऑफिसात बनवतो, आणि त्याचा मला नको तितका गर्व होता.

लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या एका मंडळाने आईला ऑनलाइन गायला बोलावलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिने तीस वर्षं गाणं शिकवलं, पण कुसुमावती हे नाव दिल्लीबाहेर पोचण्याची ही पहिलीच वेळ. बाबा नेहमीप्रमाणे तानपुरा घेऊन तिच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसले. मंत्रालयातली नोकरी सांभाळून चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, नुसती बोटं हलवतो, असं सांगून ते स्वतःच हसायचे.

जूनचा उकाडा, पंखा बंद केला असता तर आईला घेरी आली असती. मी पंखा चालू ठेवला आणि माझं सॉफ्टवेअर पूर्ण जोरावर लावलं. आई सुरेख गायली. खोलीत आम्हाला सगळं ऐकू येत होतं, त्यामुळे हेडफोन लावून तपासावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आवाज किती स्वच्छ, असं पुण्याहून लोक लिहीत होते आणि मी शेफारलो होतो. फक्त आतेबहीण अश्लेषाने विचारलं, आज मामा तानपुऱ्यावर नाहीत का? तिला मी नवे हेडफोन घ्यायला सांगितलं.

पुढच्या एप्रिलमध्ये आई आठवड्याभरात गेली. वर्षभर बाबांनी तानपुऱ्याची गवसणी काढली नाही. परवा मात्र म्हणाले, तिचं ते गाणं लाव.

आई गायला लागली. एकटी. पंखा नव्हता, तानपुराही नव्हता. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा, हे सॉफ्टवेअरला आम्हीच शिकवलं होतं.

बाबांना वाटलं, स्पीकर बिघडलाय. मी खरं ते सांगितलं. मूळ रेकॉर्डिंग असेल ना, त्यांनी विचारलं. नव्हतं. गाळून पुढे गेलं तेवढंच साठवलं गेलं होतं.

मग त्यांनी गवसणी काढली, तारा जुळवल्या आणि तिच्याबरोबर छेडायला बसले. दोनदा बसले, दोनदा हात थांबला.

"ती मधे थांबायची ती माझी तार ऐकायला," ते म्हणाले. "आता ती थांबते, पण मला ऐकत नाही."

त्यांनी गवसणी परत चढवली, नाडी बांधली.

"विनय, पुण्याच्या लोकांना वाटलं असेल, मी त्या दिवशी तिच्याजवळ नव्हतोच."

अश्लेषाने तेव्हाच विचारलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.